तीन शिट्ट्यांचं मध्यंतर

माझ्याकडे एक वही आहे. लांबट, लाल कापडी पाठीची. वाण्याच्या दुकानात उधारीला असते तशी. तिच्यात मी पाच रकाने आखलेत. सिनेमाचं नाव, कुठून घेतला, किती रुपये, कुठे थांबवला आणि का थांबवला. शेवटचा रकाना वरून खाली वाचत गेलं तर असा: कुकर. दूध. वीज गेली. पाहुणे. वीज. नणंद आली. गॅसवाला. वीज. वीज.

२००१ पासूनच्या नोंदी आहेत. कुरोसावा, ओझू, डी सिका, बर्गमन, सत्यजित राय, सगळे या वहीत आहेत आणि यांतला एकही सिनेमा मी घरी पहिल्या खेपेला सलग पाहिलेला नाही. जाणकार यावर नाक मुरडतील. मुरडू देत. त्यांच्या घरी स्वयंपाक दुसरं कुणीतरी करत असणार.

बदलापूर ते सीएसटी जवळपास ६८ किलोमीटर. गाडीने जायला दीड तास, यायला दीड तास, आणि मधे आठ तास फोर्टातल्या एका कचेरीत कारकुनी. सिनेमाची गोडी त्याआधीची, माहेरची. दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागायचे. मल्याळम, बंगाली, कानडी, आसामी. घरातले सगळे जेवून पेंगत आणि मी एकटी खालची इंग्रजी अक्षरं वाचत बसलेली. माणसं बोलतात एक, आपण वाचतो दुसरं, आणि तिसरंच काहीतरी कळतं, याची चटक तेव्हाच लागली.

पुढे कचेरीतली एक मैत्रीण प्रभात चित्र मंडळाची सभासद निघाली. १९६८ पासून मुंबईत चालू असलेली ही फिल्म सोसायटी. तिच्याबरोबर मी दोनदा गेले. पहिल्यांदा ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहिला. तो जेमतेम दीड तासाचा, म्हणून निभावलं. दुसऱ्या वेळी खेळ उशिरा सुरू झाला, लांबलचक होता, आणि मी घरी पोचले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. सासूबाई दारात उभ्या. रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, “भात गार झालाय, फोडणी देऊ का?” त्यानंतर मी गेले नाही. जगभरातला उत्तम सिनेमा संध्याकाळी साडेसहाला दादर-परळच्या पट्ट्यात दाखवतात आणि त्याच वेळी मला कर्जत लोकल पकडायची असते, एवढा साधा तिढा होता.

तो सुटला उल्हासनगरात. २००१ साली नणंदेच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही गेलो होतो. अंबरनाथ-बदलापूरकडच्या माणसांना कापडखरेदी म्हणजे उल्हासनगर. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून १९४९ साली हे शहर उभं राहिलं आणि मग तिथे काय मिळत नाही ते विचारा. साड्यांच्या गल्लीला लागून एक टीचभर दुकान होतं, समोर टोपलीत सीडी ओतलेल्या, कांद्या-बटाट्यासारख्या. (व्हीसीडी असो, डीव्हीडी असो, आमच्याकडे सगळ्याला सीडीच म्हणायचे.) वर गाणी, खाली मारधाड, आणि तळाशी एक डबी: ‘सेव्हन सामुराई’. मी ती हातात धरून उभीच राहिले. दुकानदार म्हणाला, “मॅडम, वो काला-सफेद है. कोई नहीं ले जाता. डेढ़ सौ दे दो.” शंभराला घेतली. घरी प्लेअर नव्हता. तो पुढच्या महिन्यात घेतला, चिनी, बिननावाचा.

व्हीसीडी म्हणजे काय हे आता पोरांना सांगावं लागतं. एका चकतीत सव्वा तासाच्या आसपास चित्र मावायचं, म्हणजे साध्या हिंदी सिनेमालाही दोन-तीन चकत्या. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. लांबचा माणूस म्हणजे चार चौकोन. ‘सेव्हन सामुराई’ २०७ मिनिटांचा, म्हणून तीन चकत्या. पहिली पाहिली, शेतकरी गावाच्या रक्षणाला सामुराई शोधतात. दुसरी पाहिली, सात जण जमतात, गावाला कुंपण घालतात. तिसरी लावली, तर पुन्हा शेतकरी सामुराई शोधतायत. डबीत पहिलीच चकती दोनदा भरलेली होती.

बदलून घ्यायला गेले. दुकानदाराने डबी उघडून मोजल्या. “तीन लिखा है, तीन दिया.” यावर काय बोलणार?

अकरा महिने मला त्या सिनेमाचा शेवट माहीत नव्हता. मैत्रिणीला विचारता आलं असतं, पण हट्टाने विचारला नाही. लोकलमध्ये खिडकीशी बसून मी स्वतःच लढाई लढवायची. कोण मरतो, कोण राहतो. अखेर फोर्टच्या फुटपाथवर दुसरी प्रत मिळाली. शेवटची पावसातली लढाई पाहिली आणि कळलं की मी ज्यांना वाचवलं होतं, त्यांतले दोघे कुरोसावाने मारलेत. त्याचंच बरोबर होतं.

इथून पुढे माझं जमवणं सुरू झालं. ‘संग्रह’ म्हणण्यासारखं ते नव्हतं. संग्राहकाला म्हणे पहिली आवृत्ती लागते, न उघडलेलं प्लास्टिक लागतं. मला एकच गोष्ट हवी होती: थांबवता येणारा सिनेमा. कुकर लावला की प्लेअर सुरू करायचा, तीन शिट्ट्या झाल्या की पॉज. रिमोटला प्लास्टिकची पिशवी बांधलेली असायची, कारण बोटांना कणीक. चित्रपटगृहात मध्यंतर सगळ्यांना एकाच वेळी होतं; माझं मध्यंतर डाळ शिजेल तेव्हा.

पण पॉजला एक मर्यादा होती, ती विजेच्या तारेतून यायची. त्या वर्षांतलं भारनियमन ज्यांनी बदलापुरात काढलंय त्यांना समजेल. वीज गेली की प्लेअर सगळं विसरायचा. परत आली की पहिल्यापासून. म्हणून वही. टीव्हीच्या कोपऱ्यात वेळेचा आकडा दिसत ठेवायचा आणि वीज जायची वेळ जवळ आली की दर पाच-दहा मिनिटांनी तो पेन्सिलीने टिपायचा. ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ समोर लिहिलंय: ०.४१, वीज. ०.५८, वीज. १.१०, दूध. म्हातारा प्रोफेसर मोटारीतून मानपत्र घ्यायला निघालेला आणि त्याचा प्रवास आमच्या गाड्यांसारखाच, सिग्नलला थांबत थांबत.

पाहिलेलं सांगायला माणसं लागतात. ती डब्यात होती. लेडीज डब्यातला आमचा आठ-दहाजणींचा गट. कुणी मेथी निवडतेय, कुणी मटार सोलतेय. त्यांना मी ‘बायसिकल थीव्ह्ज’ घाटकोपरपासून सांगायला घेतला. कामासाठी सायकल हवी, ती गहाण पडलेली, ती सोडवायला बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. इथे सगळ्यांचे हात थांबले. चादरी गहाण टाकणं हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मग पहिल्याच दिवशी नवरा भिंतीवर पोस्टर चिकटवत असताना सायकल चोरीला जाते. “कुलूप नव्हतं लावलं?” एकीने विचारलं. नव्हतं. “मग मेल्याची चूक आहे!” या मुद्द्यावर कल्याणपर्यंत भांडण झालं आणि बाप-लेकाचं पुढे काय झालं ते अंबरनाथला उतरणाऱ्या दोघींना दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावं लागलं.

माझा नवरा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत. त्याला सिनेमाचं प्रेम नाही, यंत्राचं आहे. पण त्या सायकलवाल्याचं काम करणारा लांबेर्तो माजोरानी हा खराखुरा कारखान्यातला कामगार होता, हे सांगितल्यावर त्याने मान वर केली. “मग परत कामावर घेतलं का त्याला?” घेतलं, पण पुढे कमी केलं. “वाटलंच,” म्हणाला, आणि त्या रविवारी प्रथमच माझ्याबरोबर बसला.

तेव्हा आम्ही पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात, तळमजल्यावर राहायचो. उल्हास नदी जवळ. २६ जुलै २००५ला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हा आकडा सगळे सांगतात. उल्हासच्या काठाने काय झालं ते कमी जण सांगतात. मी फोर्टात अडकले. टेबलावर झोपले. २८ला कल्याणपर्यंत पोचले, पुढे गाडी नाही. उल्हासनगरपर्यंत रिक्षा आणि तिथून चालत. घरातली माणसं वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे सुखरूप होती. खाली आमच्या खोल्यांत टीव्हीच्या वरपर्यंत पाण्याची रेघ.

सासूबाईंनी वर जाताना तीन गोष्टी उचलल्या होत्या. देव, औषधांचा डबा आणि माझी वही. “एवढी जपून ठेवतेस, म्हटलं वाण्याचा हिशेब असेल. बुडाला तर तो काहीही आकडा लावील.”

सीडी मात्र गाळात होत्या. दीडशेच्या आसपास. तांदळाचा डबा, गाद्या, मुलीची पुस्तकं, सगळं फेकताना त्याही फेकणार होते. नवऱ्याने एक उचलून बादलीत बुचकळली, उजेडात धरली आणि म्हणाला, “हिला काही झालेलं नाही.” मग त्याने समजावलं. डीव्हीडी म्हणजे दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या; माहिती असते ती मधे, सँडविचमधल्या चटणीसारखी, तिला पाणी सहजी लागत नाही. व्हीसीडीचं उलटं. तिची माहिती वरच्या अंगाला, लेबलाच्या लगेच खाली, लाखेच्या एका पातळ थराने झाकलेली. आपण खालची चकचकीत बाजू जपतो आणि नखाने ओरखडतो वरची. त्याप्रमाणेच झालं. डीव्हीडी जवळजवळ सगळ्या वाचल्या, व्हीसीडींपैकी निम्म्यांची कातडी सोलून निघाली.

धुवायचीही पद्धत आहे. स्वच्छ पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, आणि पुसताना मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ. गोल गोल कधीच नाही. गोल ओरखडा माहितीच्या रेघेबरोबर जातो आणि प्लेअरला तो ओलांडता येत नाही. आडवा ओरखडा तो उडी मारून पार करतो. धुतलेल्या चकत्या आम्ही भोकातून सुतळी ओवून वरच्या गॅलरीत टांगल्या. चार-पाच दोऱ्यांवर शंभर चकत्या. जुलैअखेरचं ऊन कसलं, पण जेव्हा पडायचं तेव्हा समोरच्या चाळीच्या भिंतीवर इंद्रधनुष्यं नाचायची आणि गाळ उपसणारी पोरं वर बघत राहायची.

डब्या, आतली चित्रं, सगळा लगदा झाला होता. ज्या चकत्यांवर दुकानदाराने स्केचपेनने नाव लिहिलेलं, ती नावं वाहून गेली. अशा बावीस अनामिक चकत्या उरल्या. प्लेअरही बुडालेला, त्यामुळे चार महिने त्यांत काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. सासूबाईंनी त्यांच्या जुन्या मऊ लुगड्यांच्या पिशव्या शिवल्या, एकेका चकतीला एकेक. त्यांतल्या साठेक पिशव्या अजून वापरात आहेत. हिरव्या काठाच्या एकीत ‘राशोमोन’ आहे.

दिवाळीनंतर नवा प्लेअर आला आणि आम्ही त्या बावीस लावून पाहायला बसलो. ओळखपरेडच ती. अकरा निघाल्या, सात बंद पडल्या. दोनांत भलतंच काही निघालं, त्यांची वहीत नोंद नाही. उरलेल्या दोन अजून ओळखलेल्या नाहीत. एकीत बर्फातून एक घोडा चालत राहतो आणि चित्र थिजतं.

२००७ साली आम्ही पूर्वेला आलो, कुळगावात, तिसऱ्या मजल्यावर. बदलापूर नावाची एक गोष्ट सांगतात: इथे घोडे बदलायचे, म्हणून बदलापूर. खरं-खोटं देव जाणे, पण आमच्या घरात तरी बदलणं सुरूच राहिलं. व्हीसीडी गेली, डीव्हीडी आली. त्याच साली मोझर बेअर कंपनीने बाजारात दाणादाण उडवली: व्हीसीडी २८ रुपये, डीव्हीडी ३४ रुपये. चोरबाजारापेक्षा स्वस्त. हिंदी-मराठी सिनेमे भाजीसारखे मिळू लागले. पाठोपाठ पॅलाडोर, एनडीटीव्ही लुमिएर या नावांनी जगभरचे सिनेमे अधिकृतपणे आले. सीएसटीसमोर टाइम्सच्या इमारतीतलं प्लॅनेट एम माझ्या रोजच्या वाटेवर. पगाराच्या दिवशी एक, जास्तीत जास्त दोन. काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाउसला जायचं ते मुद्दाम, सणासारखं.

चोरट्या प्रती मी त्यानंतर घेतल्या नाहीत. त्याआधी घेतल्या, ते वहीत लिहिलेलं आहे, लपवत नाही. न घेण्याचं कारणही फार थोर नव्हतं. त्यांच्या खालच्या ओळी इतक्या अगम्य असत की सासूबाईंना काय वाचून दाखवायचं हा प्रश्न पडे.

कारण एव्हाना सासूबाई प्रेक्षक झाल्या होत्या. नेरळकडच्या त्या, शाळा चौथीपर्यंत. मी इंग्रजी ओळ वाचायची, पॉज करायचं, मराठीत सांगायचं, पुन्हा सुरू. दोन तासांचा सिनेमा चार तास चालायचा. भाच्याने न्यू जर्सीहून ‘टोकिओ स्टोरी’ आणला तेव्हा हे तंत्र पक्कं बसलेलं होतं. तिकडे क्रायटेरियन नावाची कंपनी १९८४ पासून जगातले उत्तम सिनेमे नीट दुरुस्त करून काढते. महागडं प्रकरण, पण जुलै आणि नोव्हेंबरमध्ये तिथल्या एका मोठ्या पुस्तकदुकानात ते निम्म्या किमतीत मिळतात, हे भाच्याला मीच शिकवलं. आपल्याकडच्या प्लेअरवर अमेरिकेतली चकती चालत नाही, कारण जगाचे तुकडे पाडून प्रत्येकाला आकडा दिलेला. अमेरिका एक, आपण पाच. नवऱ्याने कुठून तरी माहिती काढली, ट्रे उघडा ठेवून रिमोटवर काही आकडे दाबले, शेवटी शून्य, आणि आमच्या प्लेअरला सगळे देश सारखे झाले.

तर ‘टोकिओ स्टोरी’. खेड्यातले म्हणता येणार नाहीत, पण लांबच्या गावचे म्हातारा-म्हातारी शहरातल्या मुलांकडे येतात. मुलांना वेळ नाही. वेळ आहे तो युद्धात मेलेल्या मुलाच्या बायकोला, नोरिकोला. ओझूचा कॅमेरा जमिनीपासून हात-दीड हातावर असतो. पुस्तकांत यावर पानंच्या पानं आहेत. सासूबाई चटईवर बसल्या होत्या आणि पहिल्या दहा मिनिटांत म्हणाल्या, “हा फोटो काढणारा बसून काढतोय. बरं केलं, मान वर करायला नको.”

नोरिको सासू-सासऱ्यांसाठी शेजारणीकडून साकेची बाटली उसनी आणते. साकेला काय म्हणू? सून सासऱ्याला दारू देते हे सांगायला जीभ रेटेना. म्हटलं, “तांदळाचं असतं, पितात.”

“म्हणजे पेज.”

“तसंच काहीसं.”

“एवढ्याशा वाटीत?” पण उसनं आणून पाहुणचार करणारी सून त्यांना पटली. पुढे मुलं आई-बापांना समुद्रकाठच्या गोंगाटाच्या हॉटेलात धाडतात, तेव्हा त्या म्हणाल्या, “आपल्याकडे निदान देवाला तरी पाठवतात.” आणि मग तो प्रसंग आला: म्हातारा जुन्या मित्रांबरोबर बसतो आणि रात्री मुलीच्या घरी झिंगत येतो. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “पेज पिऊन कुणी एवढं झिंगतं का गं?”

मी पॉज दाबला. दोघी इतक्या हसलो की शेजारच्या खोलीतून मुलगी आली.

शेवटाकडे सासू गेल्यावर सासरा नोरिकोला बायकोचं घड्याळ देतो. इथे मला नीट सांगता येईना, खालच्या ओळी धूसर दिसायला लागलेल्या. सासूबाई कोरड्या. बराच वेळ गप्प राहून त्यांनी निकाल दिला: “घड्याळ काय दिलं? पाटल्या द्यायला हव्या होत्या.”

मला मिळाल्या का, असं विचारू नका. आमच्या घरच्या पाटल्या २००५च्या आधीच नणंदेकडे गेल्या होत्या.

याच सुमाराच्या आणखी एका चकतीबद्दल सांगायलाच हवं. शांताल आकरमान या बेल्जियन बाईने वयाच्या पंचविशीत, १९७५ साली केलेला ‘जान दीलमान’. पूर्ण नावात त्या बाईचा ब्रसेल्समधला पत्ताही आहे. २०१ मिनिटं. एका विधवेचे तीन दिवस. ती बटाटे सोलते, भांडी घासते, बिछाना आवरते, मुलाचे बूट पुसते, आणि कॅमेरा हलत नाही. घरी गिऱ्हाइकं घेते, तेही याच क्रमात. अनेकांना हा सिनेमा बघवत नाही म्हणे. आम्ही शनिवार-रविवारच्या दोन दुपारी पाहिला. मी गवार मोडत होते, सासूबाई लसूण सोलत होत्या, आणि पडद्यावर ती मांस मळत होती. तिघी आपापल्या कामात. बोलणं जवळजवळ नाही, म्हणून पॉजही नाही. दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात. ती भांडं घेऊन घरभर फिरते, काय करावं सुचत नाही. “हिचं काहीतरी बिनसलंय,” सासूबाई म्हणाल्या, “बटाट्यावरनं कळतंय.” तिसऱ्या दिवशी काय होतं ते सांगत नाही. सासूबाईंना धक्का बसला नाही. त्या म्हणाल्या, “शेजारीण होती, पण दारातनंच बोलायची. आत यायला हवी होती.”

२०२२ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला तेव्हा हाच सिनेमा पहिला आला. १९५२च्या पहिल्यावहिल्या कौलात ‘बायसिकल थीव्ह्ज’ पहिला होता. म्हणजे सत्तर वर्षांच्या दोन्ही टोकांना आमच्या घरची माणसं होती. पण तोवर सासूबाई नव्हत्या. त्या २०१४ला गेल्या.

वहीत त्यापुढच्या नोंदी विरळ आहेत. ऱ्हिदम हाउस २०१६ला बंद झालं. शेवटच्या दिवसांत मी गेले, घेण्यासारखं फार उरलं नव्हतं, कपाटांवर धुळीचे चौकोन होते. मोझर बेअर २०१८ला दिवाळखोरीत निघून विकायला निघाली. मुलगी म्हणते, आई, आता सगळं फोनवर असतं. असतं खरं, आज असतं, पुढच्या महिन्यात नसतं, आणि नसतं तेव्हा कुणाला विचारायचं तेही कळत नाही. माझ्या टोपलीवाल्याला निदान तोंड होतं.

मुलीबरोबर मी २०१६ साली ‘पथेर पांचाली’ पाहिला, नव्याने दुरुस्त केलेला. माझ्याकडची जुनी व्हीसीडी म्हणजे धुक्यातला सिनेमा. पाऊस आणि ओरखडे वेगळे कळायचे नाहीत. १९९३ साली लंडनमधल्या प्रयोगशाळेला आग लागली तिच्यात रायांच्या सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह जळाल्या होत्या. जळक्या, ठिसूळ, वितळून चिकटलेल्या. तरी त्या फेकल्या नव्हत्या. वीस वर्षांनी इटलीत बोलोन्यातल्या कारागिरांनी त्या भिजवून मऊ केल्या, हाताने सांधल्या, आणि ‘पथेर पांचाली’चा सुमारे चाळीस टक्के भाग त्यातूनच मिळाला, उरलेला इतर प्रतींमधून. हे वाचल्यावर मला आमच्या गॅलरीतल्या सुतळ्या आठवल्या, खोटं कशाला बोलू. मुलीने सिनेमा सलग पाहिला. मीही. वहीत त्या ओळीपुढे शेवटचा रकाना रिकामा आहे.

आज कपाटात ३८६ चकत्या आहेत. शत्रू पाणी नाही, बुरशी आहे. पावसाळ्यात पांढरे धागे धरतात, म्हणून बुटांच्या खोक्यांतल्या त्या दाणेदार पुड्या मी शेजारपाजारहून गोळा करते. घरी कोरलेल्या चकत्या, म्हणजे कुणी मित्राने प्रत काढून दिलेल्या, आधी गेल्या. त्यांचा रंगच उडतो. छापील टिकल्यात. खरी अडचण प्लेअरची आहे. आमचा आता अर्ध्यातच अडखळतो. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला. “काकू, लेन्स गेलीय. नवी मिळत नाही. दुसऱ्या मेलेल्यातनं काढावी लागेल, पण त्याची जिवंत पाहिजे.” नवऱ्याने आतापर्यंत तीन जुने प्लेअर भंगारवाल्याकडून आणले, तिन्हींच्या लेन्स मेलेल्या.

तेव्हा कुळगाव, कात्रप, अंबरनाथ, उल्हासनगर, कुठेही कुणाच्या माळ्यावर जुना डीव्हीडी प्लेअर पडला असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तो एकदम भंगारात टाकू नका. आधी एखादी चकती घालून बघा. फिरली आणि चित्र आलं, तर स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊन द्या. कुणासाठी ते त्याला माहीत आहे.